‘बॅच’ हा शब्द मुळात कुठला?

प्रश्न : सोलापुरात आमच्या चादरीच्या कारखान्यात एका वेळी रंगवलेल्या सुतालाही ‘बॅच’ म्हणतात आणि शिकवणीच्या मुलांनाही. या शब्दाचे मूळ काय असावे?

उत्तर : भट्टी. भाजणे या अर्थाच्या जुन्या इंग्रजी ‘बाकन’ या क्रियापदापासून ‘बेक’ आला आणि त्याच कुळातला ‘बॅच’ म्हणजे एका भट्टीत एकदम भाजून निघालेले पाव. पुढे एकत्र तयार होणाऱ्या कशालाही, अगदी माणसांनाही, तो लागू झाला.

दुसरे उत्तर : आपला ‘घाणा’ त्याला किती जवळचा आहे! कढईतून एकदम निघालेल्या भज्यांचाही घाणाच.

प्रश्नकर्ता : मनापासून आभार. दोन बॅचचे सूत शेजारी ठेवले की छटेतला फरक दिसतो, म्हणून एका ताण्यात, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांत, आम्ही ते मिसळत नाही.