पाहुण्यांना टोस्टवर टोमॅटो दिला तर चालतं का?

पार्लेकरीण:
आमच्या सोसायटीच्या गटावर एका मैत्रिणीनं परवा लिहिलं, "पाहुण्यांना ब्रुस्केटा देणं म्हणजे दिसायला भारी आणि पोटाला उपाशी." ब्रुस्केटा म्हणजे इटालियन पद्धतीचा, लसूण, तेल आणि टोमॅटो घातलेला भाजका पाव. मला तिचं म्हणणं अजिबात पटलेलं नाही. तिथे भांडायची सोय नाही, म्हणून इथे धागा काढते.

मुंबईत संध्याकाळी माणसं जेवायला बोलावली की पहिला अर्धा तास घरची बाई कढईपुढे असते आणि पाहुणे बाहेर तिच्या नवऱ्याशी ट्रॅफिकबद्दल बोलत असतात. वड्या गरमागरम, बाई घामाघूम. मधूनच कुणीतरी ओरडतं, "अगं, तूही ये ना बसायला!" आणि झाऱ्यासकट तिथून उत्तर येतं, "आलेच!" ती काही येत नाही. ब्रुस्केटाचं सामान आधी तयार ठेवता येतं, शेवटचं काम थोडं, आणि ताटलीत लाल-हिरवं असं देखणं दिसतं की कुणी "एवढंच?" म्हणत नाही.

कृतीही लिहिते, म्हणजे हवेत तलवारी चालवायला नकोत. बेकरीतून फ्रेंच लोफ आणायचा, बोटभर जाडीच्या तिरक्या चकत्या कापायच्या. साधारण अठरा होतात, सहा जणांना पुरतात. चार लालबुंद पण घट्ट टोमॅटो बारीक चिरून, अर्धा चमचा मीठ लावून दहा मिनिटं गाळणीत ठेवायचे, खाली वाटी. मिठानं पाणी सुटतं. ते आधीच निथळलं नाही तर पावात जिरतं आणि सगळ्याचा लगदा होतो. लोखंडी तव्यावर तेल न घालता चकत्या भाजायच्या, कडा करपायच्या बेतात येईपर्यंत. गरम असतानाच सोललेली लसणीची पाकळी वरून घासायची. भाजलेल्या पावाचा पृष्ठभाग इतका खरखरीत होतो की पाकळी डोळ्यांदेखत झिजते आणि वास खोलीभर पसरतो. मग ऑलिव्ह तेल, टोमॅटो, हातानं तोडलेली बेसिलची पानं, मिरपूड. झालं. चीज नाही, मेयोनीज नाही, आणि पिझ्झाबरोबर आलेली ओरेगॅनोची पुडी तर मुळीच नाही.

आता बोला.

खमंग:
बोलते. तव्यावर एका वेळी सहा चकत्या मावतात. एका बाजूला दोन मिनिटं धरा. अठरा चकत्यांना बारा मिनिटं झाली, वर लसूण घासणं आणि टोमॅटो घालणं वेगळं. आणि हे सगळं पाहुणे आल्यावरच करायचं, कारण आधी भाजून ठेवल्या तर चामट होतात. मग कढईनं काय घोडं मारलं होतं? कोथिंबीर वडीचे उंडे मी सकाळी उकडून ठेवते, संध्याकाळी कापून तळायला दहा मिनिटं पुरतात. म्हणजे तुम्ही बाईला कढईपुढून उचलून तव्यापुढे उभं केलंत, एवढाच फरक.

दुसरं म्हणजे आमच्याकडे पाव भाजून देतात तो ताप आलेल्या माणसाला, चहाबरोबर. सासूबाईंच्या पिढीतल्या कुणापुढे गार टोमॅटो घातलेला टोस्ट ठेवला तर आधी विचारतील, "घरात कुणाला बरं नाहीये का?"

सव्वाआठची_स्लो:
पार्लेकरणींना +१. दोघंही नोकरी करणाऱ्या घरात उंडे उकडायची 'सकाळ' कुठून आणायची ते खमंगताईंनी सांगावं. मी घरी पोचतो साडेआठला, पाहुणे पावणेनऊला.

तव्याच्या मुद्द्यावर उपाय आहे. चकत्या थोड्या पातळ कापून आदल्या रात्री ओव्हनमध्ये १६० अंशांवर दहा-बारा मिनिटं वाळवायच्या, पूर्ण गार झाल्या की हवाबंद डब्यात. गरम भरल्या तर वाफ धरतात आणि मेहनत पाण्यात. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर नुसतं वरचं घालायचं. पावसाळ्यात डबा उघडा टाकून गप्पांना बसू नका, एवढंच पथ्य.

मीठ_चिमूटभर:
त्याला ब्रुस्केटा म्हणू नका मग. पातळ, आरपार कुरकुरीत ते क्रोस्तिनी. ब्रुस्केटाचा काप जाड लागतो, बाहेरून कडक आणि आत मऊ. आत मऊ राहिला तरच तो तेल पितो, नाहीतर तेल ताटलीत आणि कोरडा पाव घशात.

मी काही वर्षं इटलीत फ्लॉरेन्सला शिकायला होतो. तिथल्या टस्कन पावात मीठच नसतं. नुसता खाल्ला तर अगदी पुचाट लागतो. पण नोव्हेंबरात ऑलिव्हचं नवं तेल निघतं तेव्हा त्याच पावाचा जाड काप निखाऱ्यावर भाजून, लसूण घासून, वर तेल ओतून मीठ भुरभुरवतात. हिरवट, घशाला किंचित झोंबणारं तेल. त्याला फेत्तुन्ता म्हणतात आणि त्यात टोमॅटोचा पत्ता नसतो. टोमॅटो मुळात अमेरिकेतला, युरोपात पोचला सोळाव्या शतकात, आणि स्वयंपाकात रुळायला त्याला आणखी बराच काळ लागला. तेल लावलेला भाजका पाव त्याच्या कितीतरी आधीचा. त्यामुळे जिथे तेलच बेताचं आहे तिथे या पदार्थाच्या वाटेला जाऊ नये, असं माझं प्रामाणिक मत. त्यापेक्षा खमंगताईंच्या वड्या बऱ्या.

खमंग:
'त्यापेक्षा बऱ्या' म्हणजे? 😀

वसईकर:
पावावर चर्चा चाललीय आणि अजून कुणी कडक पावाचं नाव काढलं नाही? मुंबईत राहून? इराण्याकडे ज्याला ब्रून म्हणतात तो. वरचं कवच टणक, आत जाळीदार. आडवा मधोमध कापायचा, दोन गोल चकत्या मिळतात, आणि कापलेली बाजू खाली करून भाजायची. फ्रेंच लोफ म्हणून आपल्याकडे जे मिळतं ते बऱ्याचदा साखर घातलेला मऊ ब्रेडच असतो, लांबट आकाराचा. लसूण घासायला गेलात तर लसूण झिजायच्या आधी पाव फाटतो.

आणि भाजायला तवा कशाला? पापडाची जाळी आहे ना. गॅसवर मध्यम आच, चिमट्यानं फिरवत राहायचं, दीड मिनिटात काळ्या रेघा उमटतात. मूळ पदार्थ निखाऱ्यावरचा असेल तर जाळी त्याच्या जास्त जवळ. वर बारा मिनिटांचा हिशोबही निम्म्यावर येतो.

'अस्सल इटालियन पाव'वाल्यांसाठी: आता जिकडेतिकडे महागात विकतात तो चाबाटा १९८२ सालचा आहे. आद्रिया गावच्या आर्नाल्दो कावाल्लारींनी तो फ्रेंच बगेटला टक्कर द्यायला काढला. आमच्या वसईत पोर्तुगीज १५३४ ला आले आणि १७३९ ला चिमाजीअप्पांनी त्यांना काढलं. पाव मात्र राहिला. तेव्हा पावाच्या जुनेपणाबद्दल आम्हाला कुणी शिकवू नये. (हलके घ्या.)

अवांतर: भट्टीतल्या पावाची गोष्टही आता बदलतेय. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. मुंबईच्या हवेसाठी ते हवंच होतं, वाद नाही. पण लाकडाच्या भट्टीतल्या पावाचं कवच ज्यांना आवडतं त्यांना चुकल्यासारखं वाटणारच.

पार्लेकरीण:
वसईकर, जाळीची युक्ती उचलली. @खमंग, बारा मिनिटांचं गणित मान्य, पण त्या बारा मिनिटांत तेल उडत नाही, घरभर तळणीचा वास नाही आणि चिमटा कुणाच्याही हातात देता येतो. आमच्याकडे पुतण्या भाजतो, भाचा लसूण घासतो. उकळत्या तेलापुढे कुणी पोरांना उभं करणार नाही.

हिशेबनीस:
मला एक कळत नाही. चार टोमॅटो आणि एका लोफसाठी परदेशी तेलाची बाटली आणायची, त्यातलं तीन चमचे वापरायचं, आणि उरलेली वर्षभर फडताळात खवट होऊ द्यायची, यात 'सोपं' काय आहे? बेसिलची जुडी आणली की दुसऱ्या दिवशी काळी पडते, तेही पैसे गेलेच. जुलै २०२३ आठवतो? टोमॅटो किलोला दीडशेच्या पुढे गेला होता. तेव्हा कुणी ब्रुस्केटा केला असता तर पाहुण्यांनी पावती मागितली असती.

माझा प्रस्ताव: लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल. कच्चं तेल आपल्याला काही नवीन नाही. भाकरीवर लसणाची चटणी, वर कच्च्या तेलाची धार, हे कुठल्या इटालियनानं शिकवलं? तेच करा, भाकरीच्या जागी कडक पाव.

मीठ_चिमूटभर:
घाण्याच्या तेलाला माझा विरोध नाही, त्याला स्वतःचा वास तरी आहे. रिफाइंड तेल घालणाऱ्यांशी मात्र मी बोलत नाही. फक्त शेंगदाणा तेलाबरोबर बेसिल घालू नका, दोन्ही एकमेकांच्या अंगावर जातात. तिथे कोथिंबीरच हवी.

बेसिल परवडत नसेल तर तुळस घालायचा मोह टाळा. तिला लवंगेसारखा उग्र दर्प असतो, चार पानांत टोमॅटो झाकोळून जातो. सब्जा लावा कुंडीत. फालुद्यात ज्याचं बी घालतो तोच. बेसिलचाच जातभाई आहे, पानं बरीच जवळ जातात आणि खिडकीच्या ग्रिलवरच्या उन्हात सहज वाढतो.

पार्लेकरीणताई, एक विनंती. गाळणीखालच्या वाटीतलं पाणी टाकू नका. टोमॅटोची चव नुसत्या भिंतीत नसते, बियांभोवतीच्या बुळबुळीत गरात चव खुलवणारं ग्लुटामेट जास्त असतं, तेच त्या पाण्यात उतरतं. त्यातलं चमचाभर तेलात फेटून परत टोमॅटोवर घाला. बिया काढून टाकणारे लोक चवच काढून टाकतात.

सव्वाआठची_स्लो:
हे पाण्याचं माहीत नव्हतं. जाता जाता, एका कॅफेत मला 'ब्रुस्केटा' म्हणून मक्याचे दाणे, वितळलेलं चीज आणि शेजवान चटणी घातलेला ब्रेड आला होता. किंमत विचारू नका. चव वाईट नव्हती हेच जास्त दुःखद.

निवांत_आजी:
सगळ्यांचं वाचलं. कवळीचा विचार एकानंही केलेला नाही. कडक पाव काय, क्रोस्तिनी काय, जाळीवर काळ्या रेघा काय! आमच्या वयाच्या माणसाला पहिल्याच घासाला तो पाव मोडता येत नाही, वरचा टोमॅटो साडीवर. मग हसतमुखानं "छान झालंय हं" म्हणायचं आणि ताटली टीपॉयखाली सरकवायची.

शिवाय चातुर्मासात आमच्याकडे कांदा-लसूण बंद. शेजारी जैन, ते बाराही महिने खात नाहीत. लसूण काढली तर तुमच्या पदार्थात उरतं काय? वडी सगळे खातात. खमंग, तुझ्या बाजूनं एक मत.

हिशेबनीस:
आजी, वडीत तरी तुम्ही लसूण घालत नाही का?

निवांत_आजी:
चातुर्मासात नाही घालत. आलं-मिरची पुरते, आणि हिंग. तेवढंही माहीत नसेल तर तुम्ही हिशोबच करा.

पार्लेकरीण:
आजी, मुद्दा रास्त आहे. दातांसाठी मी असं करते: लोफचे मधले काप घ्यायचे आणि एकाच बाजूनं भाजायचे. भाजलेली बाजू खाली, मऊ बाजू वर, त्यावर टोमॅटोचं ते पाणी आणि तेल जरा सढळ हातानं. दोन मिनिटांत वरचा भाग मुरतो आणि तळाची बाजू हातात धरण्यापुरती टणक राहते. टोमॅटोही जरा बारीक चिरायचा, म्हणजे घरंगळत नाही.

लसणीशिवायही होतो. तेल कोमट करून त्यात चिमूटभर हिंग आणि भरडलेली मिरी, पाच मिनिटं झाकून ठेवायचं, मग ते पावावर. मीठ_चिमूटभर यांना आत्ताच घेरी आली असेल, पण जैन मैत्रिणीनं दुसऱ्यांदा मागून घेतला होता.

मीठ_चिमूटभर:
घेरी नाही, हिंग चालेल. मात्र फ्लॉरेन्सला कुणाला सांगू नका.

वसईकर:
आम्ही नाताळात यावर सुक्या बोंबलाची चटणी घालतो. तिकडे अँचोवी, म्हणजे खारवलेले छोटे मासे, घालतात, ती चालते तर बोंबलानं काय पाप केलंय? शाकाहारी धाग्यात लिहिल्याबद्दल माफी.

सव्वाआठची_स्लो:
कृती टाका. माफी नंतर बघू.

खमंग:
मी मोजत बसले होते. जाड काप ब्रुस्केटावाल्यांना, पातळ वाळवलेले नोकरीवाल्यांना, एका बाजूनं भाजलेले आजींना, हिंगाचं तेल शेजाऱ्यांना, बोंबील वसईकरांना. बाईनं बाहेर येऊन बसायचं होतं ना? एवढे प्रकार होईस्तोवर माझ्या दोन घाणे वड्या तळून, वाढून, संपल्यासुद्धा असत्या.

तरी शनिवारी नणंदेकडची मंडळी येताहेत, तेव्हा जाळीवर पाव भाजून बघणार आहे. वड्यांच्या शेजारी, वड्यांच्या ऐवजी नव्हे. आणि वाटीतलं उरलेलं टोमॅटोचं पाणी मी सारात घालणार, तेलात फेटून वाया नाही घालवणार.