मठाला ११ एकर माळ मिळालाय, आधी काय करायचं?

माणदेशी_गडी:
राम राम मंडळी. आमच्या दत्त संप्रदायाच्या छोट्या मठाला माण तालुक्यात एका भक्तानं ११ एकर माळरान दिलंय. मुक्कामी रोज २०-२५ जण, दत्तजयंतीला तीनेक हजार पान उठतं. मीटिंगला दर वेळी तेच, कुणाला सभामंडप पायजे कुणाला भक्तनिवास कुणाला गोशाळा, आणि मी एकटाच ओरडतोय की आधी पाण्याचं बघा, बोअर फेब्रुवारीतच उचक्या द्यायला लागते मग टँकर. पाऊस जेमतेम ५०० मिमी. दोघं विश्वस्त पालघर जिल्ह्यातल्या वाडा गावाजवळचं इस्कॉनचं गोवर्धन इकोव्हिलेज बघून आलेत, म्हणतात डिट्टो तसंच करू. जमेल का?

पाणलोटवाला:
दादा मीपण बघितलंय ते. दाबलेल्या मातीच्या विटांची घरं, सांडपाण्याला आयआयटी मुंबईचं सॉइल बायोटेक्नॉलॉजी (मातीच्या थरातून पाणी शुद्ध करायची पद्धत), शेणाचा गॅस, एक नंबर काम आहे. पण वाड्याला पाऊस २००० मिमीच्या वर, तुमच्या चौपट, त्यामुळं डिट्टो विसरा. तुमच्यासारख्या कमी पावसाचं बघायचं तर नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला जा, तिथं ग्रामसभा दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते आणि मग पिकं ठरतात, शेतीला बोअर बंद. तुम्ही आधी माळाच्या वरच्या अंगाला पाणी जिरवायला चर मारा, बांधकाम नंतर. आणि बांधाल ते छप्पर पाण्यासाठीच बांधा. १००० चौरस फूट पत्र्यावर ५०० मिमी म्हणजे ४६ हजार लिटर, वाया जाणारं सोडून ३७ हजार धरा. २५ माणसांना प्यायला-रांधायला माणशी १० लिटर धरलं तर जवळजवळ पाच महिने निघतात, फक्त तेवढी टाकी पायजे.

गोठ्यातली_ताई:
गोशाळेबद्दल अनुभवाचं सांगते. आमच्या आश्रमात ६ गाईंनी सुरू केलं, चार वर्षांत ४१ झाल्या, निम्म्या भाकड. गाय दान द्यायला लोक गुलाल लावून वाजतगाजत येतात, चैत्रात कडब्याची पेंढी घेऊन कुणी फिरकत नाही!! एका गाईला दिवसाला ४०-५० लिटर पाणी लागतं, म्हणजे १२ गाई धरल्या तर तुमच्या माणसांच्या दुप्पट तिकडंच गेलं. पाच-सहा देशी गाई ठेवा, रोजचं ५० किलो शेण झालं की २ घनमीटरचा गोबरगॅस चालतो, चहा-भाताला बरा. महाप्रसादाला मात्र चुलवणच.

रोखठोक_अण्णा:
सगळं मठाचंच चाललंय, गावाचं काय? गाव टँकरवर आणि मठात कारंजं, हे मी डोळ्यानं बघितलंय (नाव घेत नाही). स्वाध्याय परिवाराची योगेश्वर कृषी बघा, पांडुरंगशास्त्री आठवल्यांची कल्पना, शेत देवाचं, गावकरी पाळीपाळीनं पुजारी म्हणून राबतात आणि पीक गरजूच्या घरी जातं. असं काही केलं तर कंपाउंडची गरज पडत नाही. आणि माणात माळ म्हणजे मेंढरं आलीच, तुमच्या ११ एकरात कुणाची वाट आहे ते विचारलंत का? अजून एक, सातबारा कुणाच्या नावावर आहे? ट्रस्टच्या नावावर शेतजमीन करायची तर कूळकायद्याच्या कलम ६३ खाली कलेक्टरची परवानगी लागते, त्याआधी एक वीटपण रचू नका.

माणदेशी_गडी:
अण्णा, सातबारा अजून भक्ताच्याच नावावर आहे, मीटिंगमध्ये कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं 😀 आणि मेंढरांची वाट आहे हो, बरोबर वरच्या अंगानं, जिथं चर मारायचे तिथूनच. मधे तोडून वाट ठेवली तर चालेल का?

पाणलोटवाला:
चालतंय की. सलग न मारता तुटक चर मारा, वरच्या रांगेत जिथं गॅप तिथं खालच्या रांगेत चर आला पायजे, नाहीतर पाणी सरळ वाटेनं पळतं आणि वाटेचीच घळ होती. वाट तिरकी घ्या. पण आखणी करताना मेंढपाळांना सोबत न्या, पाणी कुठून पळतं ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.