शाफ्टचा कोन मोजायला मेटामटेरियल: नॉच सरकतो की खोल होतो?

नवशिका_आरएफ: मंडळी, फायनल इयरचं प्रोजेक्ट आहे, शाफ्ट किती अंश फिरला ते मेटामटेरियलने (बारीक तांब्याच्या रचनांनी लाटांवर परिणाम करणारं बनावटी मटेरियल) ओळखायचं. को-प्लेनर लाइनवर (मधे तांब्याची सिग्नल पट्टी, दोन्ही बाजूंना फट सोडून ग्राउंड) गोल रिझोनेटर (ठराविक फ्रिक्वेन्सीला घुमणारी तांब्याची रिंग) फिरवला की सिग्नलमधला नॉच, म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीला पडणारा खड्डा, बदलतो इथपर्यंत कळलंय, पण काही पेपरात नॉचची फ्रिक्वेन्सी सरकते नि काहींत नुसती खोली वाढते, मग मी मोजू काय? वर सर म्हणतात हा जायरोस्कोपच झाला. खरंच?

चकवा: जायरो नाही रे. जायरो बाहेरचं काही न बघता स्वतःचं फिरणं ओळखतो, साग्नॅक या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने १९१३ मध्ये उलटसुलट फिरवलेल्या दोन प्रकाशकिरणांनी दाखवलं तसं. तुझा एक भाग बोर्डावर पक्का नि दुसरा त्याच्यासमोर फिरणारा, म्हणजे हा एन्कोडरचा (शाफ्टचा कोन मोजणाऱ्या सेन्सरचा) भाऊबंद. सरांना गोडीत सांग, व्हायव्हा बाकी आहे :)

तांब्याची_पट्टी: खोली मोज. ईएलसी (इलेक्ट्रिक-एलसी) रिझोनेटर घे, त्यात दोन अर्धी वेटोळी असतात नि करंट दोन्हींत उलट दिशेने फिरतो. को-प्लेनर लाइनच्या दोन फटींतलं चुंबकीय क्षेत्रही असंच एकमेकांच्या उलट. ९० अंशाला प्रत्येक अर्धं आपापल्या फटीवर बसतं, दोघांना जोर मिळतो, नॉच सगळ्यात खोल. ० अंशाला प्रत्येक अर्ध्याखाली दोन्ही फटी येतात, एकीने दिलं ते दुसरीने काढून घेतलं, रिझोनेटर ढिम्म, नॉच गायब. मला आवडतं ते हे की हा शून्य सिमेट्रीतून येतो, उन्हाने एफआरफोर (सर्किट बोर्डाचं नेहमीचं मटेरियल) तापला, त्याची परमिटिव्हिटी (विद्युत क्षेत्राला मिळणारा प्रतिसाद) बदलली, तरी शून्य शून्यच. फ्रिक्वेन्सी सरकवणाऱ्या डिझाइनमध्ये कोन बदलला की बोर्ड तापला हेच कळत नाही.

नवशिका_आरएफ: भारी! पण मग +३० आणि -३० सारखेच दिसणार ना?

तांब्याची_पट्टी: दिसणारच. दिशा हवी तर दुसरी लाइन, त्यावर त्याच शाफ्टचा दुसरा रिझोनेटर ४५ अंश वळवून, दोन्ही रीडिंग मिळून उलगडा होतो. आणि डीबीतली (डेसिबलमधली) खोली कोनाबरोबर अगदी सरळ रेषेत वाढेलच असं नाही, दर ५ अंशाला रीडिंग घेऊन टेबल बनव.

चकवा: आणि शाफ्ट डुगडुगला तर रिझोनेटर नि बोर्ड यांच्यामधली हवेची फट बदलते नि शून्य सोडून बाकी सगळं टेबल बोंबलतं. आधी बेअरिंग नीट बसव. लॅबचा व्हीएनए (फ्रिक्वेन्सीनुसार सिग्नल किती पार जातो ते मोजणारं यंत्र) मिळाला नाही तर त्याचा हातात मावणारा छोटा भाऊ नॅनोव्हीएनए चालेल, फक्त रिझोनन्स १ गिगाहर्ट्झच्या खाली ठेव, रिंग जरा मोठी होईल पण एचिंग (बोर्डावरचं नको ते तांबं रसायनाने काढणं) घरी जमेल.