फ्लाइट नंबर दिला की झालं, असं नाही

विमानतळावर घ्यायला येणारी गाडी (एअरपोर्ट ट्रान्सफर) आधीच बुक करताना फ्लाइट नंबर टाकला की विमान कितीही लेट झालं तरी ड्रायव्हर थांबतो, असं म्हणतात. बहुतेक वेळा खरं आहे, पण नंबर कोणता टाकता त्यावर सगळं अवलंबून. कनेक्टिंग प्रवासात, म्हणजे वाटेत विमान बदलायचं असेल तर, शेवटच्या टप्प्याचा नंबर द्यायचा. बरेच जण पहिल्याचा देतात. खरी गंमत कनेक्शन चुकल्यावर होते. एअरलाइन तुम्हाला दुसऱ्या विमानात बसवते, ट्रान्सफरवाल्यांचं ट्रॅकिंग मात्र जुन्याच नंबरवर चालू राहतं. ते विमान वेळेवर उतरतं, मोफत थांबण्याची मुदत (साधारण ४५ ते ६० मिनिटं) तुम्ही हवेत असतानाच संपते आणि बुकिंगवर 'नो-शो' (प्रवासी आलाच नाही, असा शेरा) लागतो. म्हणजे पैसे गेले. त्यामुळे नवा बोर्डिंग पास हातात पडला की विमानात चढण्याआधीच नवा नंबर कळवा, शक्यतो फोनवर आणि लेखीही.

तारखेचा घोळही नेहमीचा: १४ तारखेला रात्री निघून ००:२० ला उतरणार असाल तर पिकअप १५ तारखेचा. आणि 'चार प्रवासी' लिहिलेल्या सेडानच्या डिकीत मोठ्या बॅगा दोन, फार तर तीन मावतात, तेव्हा चौघांनी सरळ व्हॅनच घ्यावी. ड्रायव्हर दिसला नाही तर लगेच टॅक्सी करू नका. आधी व्हाउचरवरच्या (बुकिंगच्या पावतीवरच्या) नंबरवर फोन लावा. न कळवता निघून गेलात तर रिफंडसाठी भांडायला हातात काही राहत नाही.