८० सेंटीमीटरची होडी तयार आहे, मोटर कुठली टाकू? (सोलापूर)

लूम_मेंटेनन्स:
नमस्कार मंडळी, मी सोलापूरचा, अक्कलकोट रोडला पॉवरलूमच्या मेंटेनन्सचं काम करतो. पोरगी आठवीत आहे, हिवाळ्यात तिला उजनीला रोहित पक्षी दाखवायला नेलं होतं तर पक्षी राहिले बाजूला आणि ती मच्छीमारांच्या होड्याच बघत बसली, तेव्हापासून आम्ही दोघं मिळून रिमोटची होडी बनवायलोय. ४ एमएम प्लायवूडची बॉडी, वरून फायबर आणि रेझिन, लांबी ८० सेंटीमीटर, रुंदी २६, बूड गोल. रिकामी होडी पावणेदोन किलो भरली.

आता अडलंय मोटरवर. एका दुकानदारानं ड्रोनची ए२२१२ १००० केव्ही (एका व्होल्टला मिनिटाला हजार फेरे) मोटर आणि ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग कमीजास्त करणारं सर्किट) दाखवला, म्हणला हीच घ्या, पॉवर लई आहे. दुसरीकडं ७७५ नंबरची १२ व्होल्टची साधी ब्रशवाली मोटर मिळायली. बॅटरी घरात यूपीएसची १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-तास) नवीन पडून आहे. रिमोटचं काहीच घेतलेलं नाही. बजेट पाच-सहा हजार, शाफ्टचं टेन्शन नाही, लेथ वर्कशॉपलाच आहे. पोरीला सुट्टीत कंबर तलावात सोडायचीय. ती रोज विचारतीय म्हणून जरा लवकर सांगा.

भीमाकाठ:
दादा पहिलं काम लई भारी केलंय, फोटो टाका.
ए२२१२ घेऊ नका. मोटर वाईट नाही पण ती हवेतल्या पंख्यासाठी आहे, आणि त्याच्यासोबत मिळतो तो ईएससी रिव्हर्स देत नाही. होडीला रिव्हर्स पाहिजेच, काठाला नाक अडकलं की मागं कशी घेणार?

जुना_बोटवाला:
मोटरच्या आधी होडीचं बघू. तुमची होडी गोल बुडाची आहे, म्हणजे ती पाणी बाजूला सारत चालणार, स्पीडबोटीसारखी पाण्यावर उचलून पळणार नाही. अशा होडीचा वेग तिच्या लांबीवर ठरतो, मोटरवर नाही. हिशोब असा, पाण्यातल्या लांबीचं मीटरमधलं वर्गमूळ गुणिले २.४३ म्हणजे नॉट्स. ८० सेंटीमीटरला ते साधारण २.२ नॉट्स येतं, म्हणजे तासाला ४ किलोमीटर, माणूस चालतो तेवढं. त्याच्यापुढं कितीही मोटर लावली तरी होडी मागून खाली बसते, पुढून पाणी उसळतं आणि बॅटरी जाते. हे कमी वाटेल पण ८० सेंटीमीटरची होडी चालण्याच्या स्पीडनं तलावात जाताना खरीखुरी होडी वाटते, खेळणं वाटत नाही.

म्हणून तुम्हाला ७७५च बरोबर, फक्त आरपीएम (मिनिटाला फेरे) बघून घ्या. एकाच साईजमध्ये ३००० पासून १२००० च्या पुढचे आरपीएम मिळतात आणि दुकानदार सगळ्यालाच ७७५ म्हणतो. तुम्हाला ४ ते ६ हजारवाली पाहिजे. जास्त आरपीएमची घेतली तर पाण्यातला पंखा बारीक लावावा लागतो, मग जड होडीला जोर मिळत नाही.

पंखा ४० एमएमपासून सुरू करा. पंख्याचा व्यास थोडा वाढवला तरी करंट भयंकर वाढतो (त्याच आरपीएमला ताकद व्यासाच्या पाचव्या घाताने लागते), त्यामुळे "मोठा लावून बघू" हे करू नका. वॉटमीटर (करंटचा आकडा दाखवणारं) मिळतं ते बॅटरी आणि ईएससीच्या मध्ये लावून होडी पाण्यात हातानं धरून फुल थ्रॉटल द्यायचं आणि आकडा वाचायचा. हा आकडा कळल्याशिवाय ईएससी किती अँपिअरचा घ्यायचा हे कुणीही खरं सांगू शकत नाही, मी पण नाही.

आणि ते स्वस्तातले ब्रश ईएससी येतात ज्यावर ३२० अँपिअर लिहिलेलं असतं, ते ३२० विसरून जा, १०-१५ अँपिअर सतत धरलं तरी चांगलं. व्होल्टेजची मर्यादा पण बघा, यूपीएसची बॅटरी फुल चार्जला १३ च्या आसपास जाते.

डिप्लोमा_पोरगा:
सर मी बीटीएस७९६० मॉड्यूल (मोटर चालवणारं तयार सर्किट) वापरलंय ७७५ साठी, ४३ अँपिअर लिहिलंय त्यावर, ईएससीपेक्षा स्वस्त. पण ते रिसीव्हरला (होडीतला, रिमोटचा सिग्नल घेणारा भाग) डायरेक्ट जोडता येत नाही, मध्ये अर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) लागतो कारण रिसीव्हर सर्व्होचे (सुकाणू फिरवणारी छोटी मोटर) पल्स देतो आणि मॉड्यूलला पीडब्ल्यूएम, म्हणजे वेगळ्या प्रकारचा चालू-बंद सिग्नल पाहिजे. कोडिंग येत असेल तरच करा.

भीमाकाठ:
+१, पहिल्या होडीला ईएससीच बरा. एक गोष्ट कुणी सांगितली नाही म्हणून लिहितो. ब्रश मोटरला १०४ नंबरचे तीन सिरॅमिक कपॅसिटर लावा, एक दोन्ही टर्मिनलच्या मध्ये आणि एकेक टर्मिनलपासून मोटरच्या बॉडीला. नाहीतर ब्रशच्या ठिणग्यांचा गोंधळ रिसीव्हरमध्ये जातो आणि सर्व्हो थरथरतो.

लूम_मेंटेनन्स:
सगळ्यांचे मनापासून आभार, वेगाचा हिशोब पोरीनं स्वतः वहीत करून बघितला. ७७५ फायनल. आता रिमोट कुठला आणि बॅटरी तीच ठेवू का लिथियम घेऊ? वर्कशॉपमधला एक जण म्हणतोय १८६५० सेलचं (लिथियमचे गोल सेल) बीएमएसवालं (सेल जपणारं सर्किट असलेलं) पॅक बनवून देतो, हलकं होईल.

जुना_बोटवाला:
हलकं कशाला? तुमच्या होडीला वजन पाहिजेच आहे, नाहीतर ती पाण्यावर बदकासारखी हलत राहील. यूपीएसची बॅटरी दोन किलोच्या आसपास असते, ती बुडाशी मध्यावर बसवा, फोम लावून घट्ट, सरकता कामा नये. फक्त ७ एएच बघून हिशोब करू नका, तो आकडा २० तासांच्या हळू वापराचा असतो. ९ अँपिअर ओढले तर तास नाही, पंचवीस मिनिटांच्या आसपास मिळतील. पण फुल थ्रॉटल द्यायची गरजच नाही, थोडं मागं घेतलं की वेग किंचित कमी होतो आणि करंट निम्म्यावर येतो.

बीएमएसचं पॅक वाईट नाही, पण त्याची एक खोड ध्यानात ठेवा. सेल उतरले की बीएमएस एकदम सप्लाय तोडतो, मग मोटरसोबत रिसीव्हर पण मेला, होडी तलावाच्या मध्ये. माझी अशी एक होडी संध्याकाळभर वाऱ्यानं काठाला यायची वाट बघत बसलो होतो, सोबत लहान मुलं होती, त्यांची तोंडं अजून आठवतात. तेव्हापासून मी रिसीव्हर आणि सर्व्होला वेगळी छोटी बॅटरी देतो, चार एए रिचार्जेबल सेल बास. मग ईएससीची लाल वायर रिसीव्हरमधून काढून ठेवायची, दोन सप्लाय एकत्र नको.

रिमोट फ्लायस्काय एफएस-आय६, सहा चॅनेल, या बजेटमध्ये बसतो. दोन गोष्टी करा. ईएससी चॅनेल ३ ला लावू नका, ती थ्रॉटलची काडी मध्यावर परत येत नाही. चॅनेल २ ला लावा, ती सोडली की आपोआप मध्यावर, मुलीच्या हाताला सोपं. आणि फेलसेफ (सिग्नल गेला तर होडीनं काय करायचं ते) स्वतः सेट करा, मध्यावर. रिव्हर्सवाल्या ईएससीत मध्य म्हणजे थांबा, एकदम खाली म्हणजे फुल रिव्हर्स, चुकून फेलसेफ खाली सेट झाला आणि सिग्नल गेला की होडी मागं पळत सुटेल.

अँटेना डेकच्या वर उभी पाहिजे, २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल पाण्यातून जात नाही. रिसीव्हर फुग्यात घालून तोंड बांधून टाका, जुनी युक्ती आहे पण चालते. सर्व्हो मेटल गिअरचा.

डिप्लोमा_पोरगा:
मे महिन्यात दुपारी गाडीत बॅटरी ठेवू नका सर. सोलापूरचं ऊन, गाडीच्या आत हात लावता येत नाही.

भीमाकाठ:
कंबर तलावात जाण्याआधी जलपर्णी आणि शेवाळ बघून जागा निवडा. पंख्यात गुंतलं की मोटर जागेवर थांबते, थांबलेल्या मोटरचा करंट चालत्यापेक्षा कितीतरी पट असतो आणि ईएससी काही सेकंदात जळतो. बॅटरीच्या प्लसला फ्यूज टाकाच, वॉटमीटरच्या आकड्याच्या दीडपट. पंख्यापुढं तारेचा पिंजरा केला तर उत्तम.

लूम_मेंटेनन्स:
अपडेट देतो. पाणी चार दिवसांनी येतं त्यामुळं हौद भरायची वाट बघावी लागली. ४५ एमएमचा पंखा दुकानात पहिला मिळाला म्हणून तोच लावून बघितला, १४ अँपिअर आणि दोन मिनिटात ईएससी हात लावू देईना. मग ४० एमएम आणला, ९ अँपिअर, दहा मिनिटांनी नुसता कोमट. फ्यूज १५चा टाकला. शाफ्ट ४ एमएम स्टेनलेस, पितळी नळीत, आत ग्रीस भरलंय, थेंबभर पाणी आत आलं नाही. फेलसेफ पोरीनं सेट केला आणि रिमोट बंद करून चार वेळा तपासला.

रविवारी सकाळी साडेसहाला कंबर तलावावर जायलोय, ऊन चढायच्या आत. होडीवर नाव लिहायचं राहिलंय, ते ती सोडायच्या आधी सांगणार नाही म्हणतीय. जुना बोटवाला सर, तुम्ही सोलापुरात असाल तर नक्की या.