ठरावाचा अवमान की अपमान?

गिरगावचा_तिसरा_मजला: आमच्या लिफ्टशेजारी समितीची नोटीस लागलीय: ‘जिन्यात चपलांचे स्टँड ठेवणे हा समितीच्या ठरावाचा अवमान आहे.’ कुणीतरी निळ्या पेनाने ‘अवमान’वर काट मारून वर ‘अपमान’ लिहिलं. काट मारणारा चुकला असं माझं मत. अपमान माणसाला लागतो, अवमान म्हणजे न जुमानणं. ‘मला अपमान वाटला’ म्हणतो आपण, ‘मला अवमान वाटला’ म्हणतो का कुणी?

मुलुंड_स्लो: उगाच कीस काढताय. दोन्हींत ‘मान’च आहे, मागे अव लावा नाहीतर अप. पेपरवाले दोन्ही सर्रास वापरतात, वाचणाऱ्याचं काही अडत नाही.

काळा_कोट: कोर्टात अडतं. न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ बघा. कोर्टाचा आदेश जाणूनबुजून पाळला नाही की दिवाणी अवमान. त्यात शिवी नको, चढा आवाज नको. हात जोडून, ‘साहेब साहेब’ करतसुद्धा अवमान करता येतो, असे पक्षकार रोज बघतो. सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मनापासून माफी मागितली तर सुटकाही होते.

मुलुंड_स्लो: मग त्याच १९७१ सालचा दुसरा कायदा घ्या, राष्ट्रप्रतिष्ठा अपमान प्रतिबंध अधिनियम. झेंडा जाळला तर तिथे शब्द ‘अपमान’. झेंड्याला वाईट वाटतं होय? म्हणजे ‘माणसाला लागतो तो अपमान’ हे तुमचं गणित तिथेच फसलं.

गिरगावचा_तिसरा_मजला: हा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण झेंडा जाळला की लागतं ते आपल्यालाच ना? ठराव मोडला म्हणून आमच्या मजल्यावर कुणाची झोप उडालेली नाही.

भाजीवाली_मावशी_फॅन: माझी आजी यातला एकही शब्द वापरायची नाही. लग्नात मानाची साडी हलकी निघाली तर ‘मान राखला नाही’, आणि चारचौघांत कुणी झापलं तर ‘पाणउतारा केला’. तिला दोन वेगळ्या गोष्टी दिसत होत्या एवढं नक्की.

मुलुंड_स्लो: आजीपुढे नमस्कार. तरी ‘अवमान’ हा छापील शब्दच. अपमान गिळता येतो, अवमान गिळलेला कुणी ऐकलाय?

काळा_कोट: अहो, हे तर तुम्ही आमच्याच बाजूने बोललात!

गिरगावचा_तिसरा_मजला: ताजी खबर: नोटीस बदलली. आता नुसतं ‘स्टँड काढावेत’. सेक्रेटरींचा स्वतःचा अजून जिन्यातच आहे.