शेतीच करायची तर कृषी कॉलेजची चार वर्षं कशाला?

बांधावरून (जि. परभणी)

सीईटीचा निकाल लागला की आमच्याकडे दरवर्षी हा वाद होतो. यंदा तो घरातच झाला. चुलतभावाच्या मुलीला बी.एस्सी. कृषीला प्रवेश मिळेल इतके गुण आहेत. घरी सात एकर कोरडवाहू. बैठकीत बहुतेकांचं मत पडलं ते असं: शेतीच करायची तर कॉलेजात चार वर्षं घालवू नकोस, नोकरी करायची तर कॉम्प्युटर घे. मला हे मुळीच पटत नाही. का पटत नाही ते मांडतो, विरोधी मतं अवश्य द्या.

मी स्वतः कृषी पदवी घेऊन शेती करतो. शेजारच्या गावात एकाची मोसंबीची बाग पिवळी पडत चालली होती. दुकानातून युरिया सांगितला गेला, फरक पडेना म्हणून आणखी युरिया. मी जाऊन पाहिलं तर खालची जुनी पानं हिरवीगार, पिवळी होती ती शेंड्याची कोवळी पानं, आणि त्यांच्याही शिरा हिरव्या. युरिया म्हणजे नत्र. नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं नत्र काढून नव्या पालवीला पुरवतं, त्यामुळे आधी जुनं पान पिवळं होतं. लोह झाडाला असं हलवता येत नाही, म्हणून त्याची कमतरता नव्या पानावर दिसते. बाग होती चुनखडीच्या जमिनीत. लोह मातीत होतं, मुळांना घेता येत नव्हतं. युरियाने काय होणार? फेरस सल्फेट शेणखतात मुरवून द्यायला सांगितलं, फवारणी सांगितली. पण खरी चूक लागवडीआधीची होती. तीन फुटांचा खड्डा घेऊन थरागणिक माती तपासली असती, तर मुक्त चुना दहा टक्क्यांच्या वर असलेल्या जमिनीत मोसंबी लावायचीच नाही हे तेव्हाच कळलं असतं.

हे मला पहिल्या दोन वर्षांतल्या मृदाशास्त्राने शिकवलं. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात एक तरी कृषी पदवीधर असावा, असं माझं ठाम मत आहे.

अभ्यासिका_पुणे

दादा, तुम्ही शिकलात ते कॉलेज वेगळं आणि आम्हाला मिळालं ते वेगळं. मी एका खासगी विनाअनुदानित कॉलेजातून कृषी पदवी घेतली. प्रक्षेत्र, म्हणजे कॉलेजचं शेत, कागदावर होतं. तपासणी समिती यायची असली की बाहेरून आणलेली रोपं शेडनेटमध्ये मांडली जायची. सातव्या सत्रातला ग्रामीण कार्यानुभव, म्हणजे रावे, बहुतेकांनी मागच्या बॅचचे अहवाल उतरवून पूर्ण केला. फी मात्र बापाने सोयाबीन विकून भरली.

आणि पुढे काय? बँकेच्या कृषी अधिकारी परीक्षेच्या जागा मोजक्या. राज्यसेवेचं तर सगळ्यांनी पाहिलं. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्याच्या रस्त्यावर बसलो होतो, कृषी सेवेची २५८ पदं परीक्षेत घ्या म्हणून. त्या गर्दीत माझ्यासारखे कृषी पदवीधर होते. शेती शिकलेली ती पोरं शेतात नव्हती, पेठांमधल्या अभ्यासिकांत होती. ही पदवी आम्हाला शेतीपासून लांब नेते, जवळ आणत नाही. पुतणीला कॉम्प्युटर घेऊ द्या.

द्राक्षबाग_तासगाव

मी बारावीनंतर शिकलो नाही, बाग माझी पाच एकर. माझा अनुभव सांगतो.

आमच्याकडं जे मोठं काम झालं ते शेतकऱ्यांनी केलंय. सोनाका द्राक्ष सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजच्या नानासाहेब काळेंनी थॉम्पसन या जातीमधून निवडून काढलं. त्यासाठी लागली बागेत रोज फिरणारी नजर. एखाद्या वेलीचे मणी लांबट दिसले की थांबून बघणारी नजर. ती कॉलेजात मिळत नाही.

रावेची मुलं आमच्या गावात आली होती, बोर्डो मिश्रणाचं, म्हणजे बुरशीवरच्या औषधाचं, प्रात्यक्षिक करून दाखवलं. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. मग मिश्रणात विळा बुडवायचा, पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, आणखी टाकायचा. चांगलं केलं पोरांनी. पण ती विळ्याची परीक्षा माझे वडील मी शाळेत असल्यापासून करतात. आम्हाला अडलं की एकराच्या हिशेबानं सल्लागार लावतो, देठ परीक्षण, म्हणजे पानाच्या देठातल्या अन्नद्रव्यांची तपासणी, करून घेतो. गरज लागेल तेवढं ज्ञान विकत मिळतंय, मग चार वर्षं का द्यायची?

माती_पाणी_ताई

तासगावकर दादा, ज्या सल्लागाराला तुम्ही एकरी पैसे देता तो कुठे शिकला, विचारलंत कधी? द्राक्ष-डाळिंबाच्या पट्ट्यात फिरणारे बरेचसे सल्लागार कृषी पदवीधरच आहेत. विळ्यावर तांबं का चढतं, हे त्या मुलांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं: चुन्याने न बांधलेलं तांबं लोखंडावर बसतं आणि तेच कोवळ्या पानाला जाळतं. कारण माहीत असलं की मोरचुदाऐवजी दुसरं ताम्रयुक्त औषध हातात आलं तरी माणूस अडत नाही.

मी मृदा चाचणी प्रयोगशाळेत काम करते, कृषी पदवी घेतलेली आहे. लोक मातीचा नमुना आणतात तो बांधाजवळचा, नाहीतर खताच्या ढिगाखालचा. अहवाल नेतात आणि घडी करून ठेवतात, कारण घरात तो वाचणारं कुणी नसतं. ज्या घरातली मुलगी किंवा मुलगा कृषीला आहे तिथून फोन येतो, "मॅडम, सेंद्रिय कर्ब एवढा कमी का आला?" मला हा फरक रोज दिसतो.

धानपट्टा (जि. चंद्रपूर)

विद्यापीठांचं एवढं कौतुक चाललं आहे म्हणून लिहितो. आमच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले. दीड एकराचा धनी. १९८३ च्या सुमारास शेतातल्या वेगळ्या लोंब्या त्यांनी हेरल्या, वर्षानुवर्षं जपून वाढवल्या आणि एचएमटी धान तयार केलं. १९९४ मध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बियाणं नेलं, १९९८ मध्ये पीकेव्ही-एचएमटी नावाने प्रसारित केलं. श्रेयासाठी दादाजींना झगडावं लागलं. २०१८ मध्ये ते गेले तेव्हाही घरची ओढाताण संपली नव्हती. कोणाची विद्या मोठी आणि कोणाचा पगार मोठा, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. कृषी पदवीचा मान राखायचा असेल तर आधी या माणसाचा राखा.

बांधावरून

धानपट्टा भाऊ, दादाजींबद्दल तुम्ही लिहिलंत त्यातला शब्दन् शब्द मान्य. त्यांना मिळालेली वागणूक लाजिरवाणी होती. पण त्यातून शिक्षण निरुपयोगी ठरतं असं मी म्हणणार नाही. शिकलेल्यांनी शेतकऱ्याच्या नजरेला मान द्यायला शिकलं पाहिजे, एवढं ठरतं. विद्यापीठांनी केलेलं कामही खोटं नाही. बदनापूरच्या केंद्राची बीडीएन ७११ तूर लवकर येते, म्हणून परतीचा पाऊस दगा देतो त्या वर्षीही आमच्या हलक्या रानात हाती काही लागतं. राहुरी विद्यापीठाचं भगवा डाळिंब नसतं तर सांगोल्याच्या माळरानावर आज काय असतं?

तासगावकर दादांचा मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटतो. ज्ञान विकत मिळतं. द्राक्षात मिळतं, कारण एकरी उलाढाल मोठी आहे. सोयाबीन-तुरीच्या तीन एकरांसाठी कोणता सल्लागार येईल? राज्यातलं सरासरी धारणक्षेत्र, म्हणजे एका शेतकऱ्याकडची जमीन, २०१५-१६ च्या कृषी गणनेत १.३४ हेक्टर निघालं. या शेतकऱ्याचे सल्लागार दोनच, गावोगाव विभागलेला कृषी सहायक आणि खताचं दुकान. दुकानदार औषध विकायलाच बसला आहे. म्हणून मी म्हणतो, जिथे सल्ला विकत येत नाही तिथे तो घरात हवा.

खत_बियाणे_दुकान

दुकानावर बरंच येतंय म्हणून माझंही ऐका. कीटकनाशकाच्या परवान्यासाठी आता कृषी किंवा ठराविक विज्ञान शाखेची पदवी, नाहीतर कृषीची पदविका लागते. जुन्या दुकानदारांसाठी हैदराबादच्या मॅनेज संस्थेचा ४८ आठवड्यांचा देसी अभ्यासक्रम आहे. मी तो केला आणि सांगतो, त्याआधी मी कंपनीच्या माणसाने सांगितलेलंच पुढे सांगत होतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसेक शेतकरी-मजूर गेले. दोन-तीन औषधं एकत्र कालवून, डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत, तोंडाला नुसता रुमाल बांधून फवारणी. त्यानंतर कोणत्याही विक्रेत्याने झोप उडाल्याशिवाय काउंटरवर बसू नये.

पण त्याच कायद्याची दुसरी बाजूही लिहितो. पदवीधर मुलं आपलं प्रमाणपत्र दुकानाच्या परवान्यासाठी वर्षाच्या बोलीवर भाड्याने देतात. भिंतीवर नाव एकाचं, काउंटरवर दुसराच. ज्याला औषधाच्या डब्यावरचा लाल-पिवळा त्रिकोण विषारीपणाबद्दल काय सांगतो हे शिकवलं, तो पुण्यात परीक्षा देतोय आणि विकतोय तो ज्याला शिकवलं नाही. अभ्यासिका भाऊ, राग मानू नका, पण हे तुमच्याच मित्रांपैकी काहीजण करतात. हे थांबलं नाही तर पदवीची किंमत कोण करेल?

अभ्यासिका_पुणे

राग नाही, खरं आहे. करतात, कारण खोलीभाडं द्यायचं असतं. पण दोष फक्त पोरांवर ढकलू नका. स्वतःचं दुकान टाकायला भांडवल कुठून आणायचं? कृषी चिकित्सालय आणि कृषी व्यवसाय केंद्रांची केंद्राची योजना २००२ पासून आहे, ३६ टक्के अनुदान, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ४४. आम्हाला वर्गात शिकवलीय ती. बँकेत गेलो की पहिला प्रश्न तारणाचा.

आणि बांधावरून दादा, मूळ प्रश्नाला तुम्ही हात लावला नाहीत. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात माल त्याच्या कितीतरी खाली गेला. त्या वर्षी माझ्या वडिलांना लोहाची कमतरता ओळखता येत होती की नाही, याने काय फरक पडला? तोटा ज्ञानाअभावी होत नव्हता, भावाने होत होता.

यंत्रशाळा_राहुरी

कृषीची चर्चा म्हटलं की सगळे बी.एस्सी.वरच थांबतात. कृषी अभियांत्रिकीचं बी.टेक.ही आहे, आणि भावावर आपला ताबा नसला तरी खर्चावर बऱ्यापैकी असतो, तो याच विषयाने.

एक साधी गोष्ट. ठिबकच्या फिल्टरच्या दोन्ही बाजूंना दाबमापक असतो. दोन्हींतला फरक अर्ध्या किलोच्या आसपास गेला की फिल्टर धुवायचा. शेतांवर गेलो की बहुतेक ठिकाणी मापक तुटलेला, नाहीतर बसवलेलाच नाही. शेवटच्या ओळींना पाणी पोहोचत नाही म्हणून माणूस मोठी मोटर घेतो, आणि खरं कारण असतं गाळाने भरलेली जाळी. पंपाचा दाब, नळीतलं घर्षण, ड्रीपरचा प्रवाह यांचा हिशेब कागदावर तासाभराचा. तो न केल्याची किंमत पुढची दहा वर्षं वीजबिलात भरायची. नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सचे विलास शिंदे राहुरीला कृषी अभियांत्रिकीच शिकले. शेतकऱ्यांची एवढी मोठी कंपनी उभी राहिली, तिथे मालाची हाताळणी, शीतगृह, प्रक्रिया हे अभियांत्रिकीचंच काम आहे. भावाचं उत्तर तिकडून थोडंफार निघतं.

आमची रडकथाही आहे. स्वतंत्र कृषी अभियांत्रिकी संचालनालयाची मागणी जुनी आहे, अजून झगडतोय. तरी पुतणीचं गणित बरं असेल तर बी.टेक.चा पर्याय तिच्यापुढे ठेवा.

द्राक्षबाग_तासगाव

सह्याद्रीचं नाव घेतलं म्हणून सांगतो, शिंदे साहेबही आधी बरंच शेतात आपटले, मग उभे राहिले. पदवी घेऊन सरळ तिथं पोचले असं नाही. ताईंचं विळ्याचं स्पष्टीकरण मात्र आवडलं, वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "हे आधी कुणी सांगितलं असतं तर त्या एका वर्षी बाग करपली नसती." माझं मत तरी तेच. माझ्या पोरानं बागेतच शिकावं.

माती_पाणी_ताई

प्रत्येकाने आपापला निर्णय घ्यावा. फक्त मुलीच्या बाबतीत एक गोष्ट कुणी बोललं नाही. आमच्या वर्गात निम्म्याच्या आसपास मुली होत्या. त्यांतल्या बऱ्याच जणींच्या नावावर सातबारा नव्हता आणि बांधावर त्यांचं मत कुणी विचारत नव्हतं. पदवीनंतर विचारू लागले. निदान माझ्या माहेरी तरी खत कोणतं घ्यायचं हे आता मला फोन करून ठरतं, भावाला नाही.

बांधावरून दादा, प्रवेशाचा पसंतीक्रम भरायच्या आधी तिला घेऊन दोन-तीन कॉलेजं प्रत्यक्ष बघून या. कार्यालयात बसू नका. प्रक्षेत्रावर जा, विहिरीला पाणी आहे का बघा, तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा की त्यांच्या वाटणीचा वाफा कुठला आणि त्यात काय पेरलंय. उत्तर देता आलं नाही तर ते कॉलेज यादीतून काढा, मग इमारत कितीही चकचकीत असो. घटक महाविद्यालयं, म्हणजे विद्यापीठाची स्वतःची, आधी लिहा, खासगी त्यानंतर.

बांधावरून

ताई, परवा परभणी आणि बदनापूर दोन्हीकडे जाऊन येतो, तिची आईही येते म्हणाली. यंत्रशाळा भाऊ, बी.टेक.चं तिला सांगितलं. गणितात तिला चांगले गुण आहेत, पण ओढा मातीकडे आहे. अभ्यासिका भाऊ, भावाच्या प्रश्नाला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही आणि ते तुम्ही बरोबर पकडलंत. तरी ज्या वर्षी भाव पडलेला असतो त्याच वर्षी युरियाच्या फुकट गेलेल्या पोत्यांचे पैसे जास्त टोचतात, हे मी हिशेबाच्या वहीत पाहतो. तुमचे वडील सध्या कोणती जात पेरतात आणि बियाणं घरचं की विकतचं, एवढं कळवाल का?